कॅनडाचं दळण

त्याला नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. गाव त्याला कॅनडाच म्हणे. "कॅनडा आला का?" "कॅनडा कुठी गेला?" मागेही म्हणत आणि तोंडावरही म्हणत. त्याचा त्याला राग नव्हता. राग होता तो खुर्चीचा.

खुर्चीचं असं आहे. आमच्याकडे घरोघरी एक बरी खुर्ची असते. प्लास्टिकची, पण हात शाबूत असलेली. घरचं कोणी तिच्यावर बसत नाही. ती भिंतीला लावून ठेवायची आणि बाहेरचं माणूस आलं की दुपट्ट्यानं पुसून पुढे सरकवायची. ग्रामसेवक, सोयरे, मत मागणारे, सगळे तिच्यावरच बसून गेले. कॅनडा कोणाच्या अंगणात शिरला की ती खुर्ची निघायचीच. आणि तो तिच्याकडे असा पाहायचा, जसा तिच्यावर साप बसला आहे.

"हे कोनासाठी?"

"तुमच्यासाठी जी. बसा ना."

"मी पाहुना आहो का?"

एवढं बोलून तो खाली भुईवर बसायचा. गुडघे वळत नव्हते, तरी बसायचा, आई गं करून. आता साठीपलीकडचा माणूस खाली बसला म्हटल्यावर घरच्यांनी खाटेवर बसावं कसं? मग सगळेच खाली. आणि खुर्ची मधात एकटी, सभेच्या अध्यक्षासारखी. पुढच्या साली तो आला की तेच घर, तीच खुर्ची, तेच बोलणं. ना तो हरला, ना गाव हरलं. पाहून पाहून मीच थकलो.

आमचं गाव रोहण्यापासून आत. मी आणि तो चौथीपर्यंत एका चटईवर बसलो. पुढे तो वर्ध्याला होस्टेलात गेला, मग नागपूर, मग कंपनी, मग कॅनडा. मी थापी धरली. मिस्त्री झालो. माझ्या हातची घरं रोहण्यापासून आष्टीपर्यंत उभी आहेत आणि त्यातलं एकही गळत नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं भर पावसात जाऊन पाहावं. आता गुडघे धरतात, पायाडावर चढणं सुटलं, पण भिंत पाहिली की तिच्या पोटात काय आहे ते अजून सांगतो.

तो दर साली हिवाळ्यात यायचा, तूर शेंगेवर आली की. फाट्यावर एसटीतून उतरला की आधी बूट काढायचा, बूट पिशवीत, पिशवी खांद्यावर, आणि अनवाणी गावात. गावात आता शेंबडं पोरगंही चपलेशिवाय फिरत नाही. बायका आपसात म्हणायच्या, "येवढा मोठा साहेब अन् पायात काही नाई, दिसते कसं!" एका साली शेजारच्या बुढीनं खरंच आपल्या पोराची चप्पल आणून त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "मावशी, मी येथून गेलो तव्हा चप्पल होती का मले?" बुढी म्हणाली, "तव्हा कोनालेच नव्हती गा. आता आहे तं घाल ना."

बोलायचाही तो अजब. आमची पोरं आता अर्धी हिंदी, अर्धी टीव्हीची भाषा बोलतात. हा मात्र आमच्या बापांसारखा बोलायचा. इतकी सालं परदेशात राहून त्याची बोली जशी नेली तशीच राहिली होती, पेटीत घडी करून ठेवलेल्या कापडासारखी. तो काही बोलला की पोट्टे हसत आणि म्हातारे गप्प होत. मला कधी कधी वाटायचं, माझा बापच अंगणात बोलून राहिला.

गावात त्याचं घर नव्हतं. जिथं होतं तिथं आता विहार आहे. ती जागा त्यानंच दिली, आईबाप गेल्यावर, एका शब्दात. पण वंदनेला बसला की नेमका उजव्या कोपऱ्यात बसायचा आणि मला कोपर मारायचा. "येथं आमची चूल होती." एकदा भंतेजी आले होते, सगळे शांत बसलेले, आणि हा कानात बोलतो असं समजून मोठ्यानं बोलला, "हे जेथं बसले ना, तेथं बकरी बांधत होतो आमी." भंतेजींनी डोळे उघडले, आपल्या खाली पाहिलं, हसले, पुन्हा डोळे मिटले.

घर नाही म्हणून तो आमच्याकडेच उतरायचा. आणि आमच्याकडून जाताना दर साली एक कार्यक्रम व्हायचा. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, ताटात दुपट्टा, टोपी आणि नारळ घेऊन बाहेर यायची. आमच्या उंबरठ्यातून पाहुणा रिकाम्या हातानं गेला असं कधी झालं नाही. गरिबीत एक ब्लाऊजपीस दिला असेल, पण दिला. कॅनडा मान खाली घालून दुपट्टा घ्यायचा. शाळेत छडी खाताना हात पुढे करायचा ना, तसाच. तिकडे म्हणे त्याची एक पेटी दुपट्ट्यांनी भरली होती. त्याची पोरगी त्याला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही गावाला जाता की लग्नाला जाता?"

एका साली तो आला तो डोक्यात एक खूळ घेऊन. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर समोर होती. घास हातात धरून तो बोलत सुटला.

"तिकडे आपले लोक भल्ले आहेत, ढीगभर. यवतमाळचे, अमरावतीचे, वर्ध्याचे. त्यायच्या पोट्ट्यायनं गावच पाह्यलं नाई. इकडे येतात, ताजमहाल पाहतात, नागपूरले येतात, सेवाग्राम पाहतात, हॉटेलात झोपतात अन् वापस. सगळा पैसा हॉटेलवाल्याच्या घशात. मी त्यायले येथं आनतो. येथं झोपतीन, येथं खातीन, पैसा गावात राहीन. मंग आपल्या पोरायले पुन्याच्या कंपनीत काऊन जा लागते?"

मी म्हटलं, "येथं पाह्यासारखं काय आहे बे?"

"मी दरसाल काय पाह्याले येतो?"

मी भाकर मोडली.

माझ्या घरामागं जागा होती. तिथं दोन खोल्या काढायच्या ठरल्या. मी लगेच मनात नकाशा काढला. स्लॅब, वर टाकी, खाली टाइल्स. तो म्हणाला, "माती."

"काय माती?"

"मातीच्या भिंती. वर कवेलू. खाली सारवन."

"डोकं फिरलं का तुह्यं? सारी जिंदगी मातीतून निघाव म्हनून मेलो आमी, अन् तू पाहुन्याले मातीत निजवून राह्यला?"

"स्लॅब त्यायच्या घरी आहे. स्लॅब पाह्याले इमानात बसून येतीन का?"

"मी मिस्त्री आहो. मातीचं काम मी करत नाई."

झालं. बोलणं बंद. तो माझ्याच घरी राहत होता, माझ्यासमोर जेवायला बसत होता आणि आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हातारी मधात बसून निरोप पोचवायची. "हे म्हनतात का मीठ सरकवा." "भाऊजी म्हनतात का मीठ तुमच्याच जवळ आहे." शेवटी ती म्हणाली, "तुमी दोघंही उठा अन् बाहेर जाऊन भांडा, मले जेवू द्या."

तो बाहेर गेला तो बैलबंडी घेऊन. तेव्हा गावात घरकुलं झाली होती आणि लोकांनी छपराची जुनी कवेलं उकिरड्यावर फेकली होती. हा ती एकेक वेचून बंडीत भरायचा. लोक म्हणायचे, "कॅनडाहून आला अन् आमचा कचरा नेऊन राह्यला!" तो म्हणायचा, "नेऊ द्या, मंग पैसे देऊन पाह्याले येसान." घरामागं आणून त्यानं कवेलांची थप्पी लावायला घेतली. लावली उलटी. पाणी धरणारी बाजू खाली. मी खिडकीतून पाहत होतो. किती वेळ पाहणार? उठलो आणि गेलो. "हट तिकडे," म्हटलं. एवढंच म्हटलं. पण त्यानं ओळखलं की जिंकला.

खोल्या झाल्या. चांगल्या झाल्या, हे मला म्हणावंच लागेल. संडासाच्या बाबतीत तेवढं त्यानं माझं ऐकलं, तिथं टाइल्स बसल्या आणि भांडं इंग्रजी. गाव लोटलं ते खोल्या नाही, ते भांडं पाहायला. म्हातारी एकटी कुरकुरत होती. "आपलं घर पक्कं झालं तव्हा म्हनलं सुटली मी शेनातून. आता पुन्हा सारवन माह्याच नशिबी." पण सारवलं तिनंच, बोटांच्या नक्षीसकट.

मग विहारात बैठक. पाहुणे वेगवेगळ्या घरी जेवतील आणि जाताना एका पाकिटात पैसे देतील, ते आमच्या म्हातारीनं घ्यायचे आणि जेवू घातलं त्या घरांना वाटायचे. असं कॅनडानं समजावून सांगितलं. बायकांच्या बाजूनं शेजारची बुढी बोलली.

"जेवू घालून पैसे घ्याचे? आमचं घर का हॉटेल आहे?"

"हो. हॉटेलच समजा."

त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, गावाचा विकास, पोरांना काम, परदेशातल्या लोकांची ओढ. सगळ्यांनी माना हलवल्या. तो खूश झाला. इतकी सालं बाहेर राहिल्यानं तो विसरला होता की आमच्याकडे लोक मान हलवतात ती समोरच्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून.

पहिले पाहुणे आले ते एक नवरा-बायको आणि त्यांची पोरगी. नवरा यवतमाळकडचा, पण पोरगी तिकडेच जन्मलेली. ती सारवलेल्या भुईवर पालथी पडली आणि गाल लावून राहिली, थंड लागते म्हणून. म्हातारी दारात उभी राहून पाहत होती. तिची कुरकुर त्या दिवशी संपली. पाहुणे घरोघरी जेवले. वांग्याचं भरीत, पाटवडी, तिखटानं नाकातून पाणी, हसणं. कॅनडा मागे मागे फिरत होता, जसं त्याच्याच घरचं लग्न.

निघायच्या दिवशी गाडी उभी राहिली आणि बायका येऊ लागल्या. एकीच्या हातात लुगडं, एकीच्या हातात तुरीची डाळ, कोणाकडे पापड, कोणाकडे लोणच्याची बरणी. बाईची ओटी भरली, माणसाला दुपट्टा घातला. बॅगा बंद होईनात, मग डायव्हरनं सामान टपावर बांधलं. तेवढ्यात त्या माणसानं ठरल्याप्रमाणे पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी म्हातारीला दिलं. तिनं ते घेतलं. कपाळाला लावलं. कॅनडानं माझ्याकडे पाहून मान डोलावली. आणि म्हातारी वाकली आणि ते पाकीट त्या पोरीच्या मुठीत कोंबलं. वर कनवटीची एक नोट काढून तीही त्यावर ठेवली.

"पह्यल्यांदा घरी आली माय, रिकामी कशी जाशीन?"

पोरीची आई नाही नाही करू लागली. म्हातारी घ्या घ्या करू लागली. पाकीट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शेवटी म्हातारीनं पोरीला मुठीसकट गाडीत बसवलं आणि दार लावलं. गाडी गेली.

कॅनडा निंबाखाली उभा होता.

"तुमी धंदा केला का लगन लावलं?"

"भाऊजी," म्हातारी म्हणाली, "पोरीच्या हातातलं वापस घेऊ का मी?"

त्याला वाटलं, पहिली वेळ आहे, शिकतील. पण त्या पाहुण्यांनी तिकडे जाऊन जे सांगितलं असेल, त्यानं पुढच्या साली जास्त लोक आले. त्यांनाही तसंच. त्यांनी सांगितलं, आणखी आले. ज्या रस्त्यानं पैसा येणार होता त्या रस्त्यानं आमची डाळ जाऊ लागली. एकीनं लुगडं दिलं म्हणून दुसरीनं लुगडं द्यायचं, तिसरीकडे नसेल तर तिनं आर्वीहून आणायचं. गाडीचा हॉर्न फाट्यावर वाजला की दारं लागू लागली. शेजारची बुढी तर पाहुण्यांची बातमी लागली की आष्टीला लेकीकडे निघून जायची. पाहुणे वाईट नव्हते. आम्हीच त्यांना पुरे पडत नव्हतो.

कॅनडा हात जोडून घरोघरी फिरला. "काही देऊ नोका. तुमाले शपत आहे." लोक म्हणाले बरं जी, आणि समोरून नाही तर गाडीच्या मागच्या दारातून दिलं. त्यानं पाहुण्यांना सांगितलं, काही घेऊ नका. त्यांनी घेतलं नाही तर बायका रडल्या. एक दिवस तो ओट्यावर येऊन बसला.

"बंद करतो."

"काऊन?"

"दिवाळं काढसान तुमी गावाचं."

मला त्याचं वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्यानंतर खोल्यांत तो एकटाच झोपायचा.

पुढे हायवेवर कोणीतरी एक मोठी जागा केली. आत गाव बांधलं होतं म्हणे, विहीर, बंडी, चूल, सगळं. परदेशातून येणारे आपले लोक तिथंच उतरू लागले. कॅनडानं मला तिथं नेलं. दाराशी तिकीट होतं. त्यानं दोघांचं काढलं. आत मातीच्या भिंती. मी जवळ जाऊन बोटाच्या पेरानं वाजवलं. सिमेंट. वरून मातीचा रंग. मी त्याला सांगायला वळलो तर तो एका वाढप्याकडे पाहत होता. वाढपी म्हणजे आमच्याच गावचा, आधी वर्धा स्टेशनवर ऑटो चालवायचा. डोक्यावर फेटा. आमच्याकडे कोणाच्या आज्यानंही फेटा बांधला नाही.

"काकाजी, तुमी?" तो लाजला. खुर्ची ओढली. कॅनडा त्या खुर्चीवर मुकाट्यानं बसला. ते पाहून मलाच कसंतरी झालं.

"येथं पाहुन्याले जाताना काही देतं का बाप्पा?" कॅनडानं विचारलं.

"हो जी. बिल देतो."

तो हसला, आम्हीही हसलो. मग तो जरा वाकून म्हणाला, "खरं सांगू का काकाजी, घरी आले असते तं मीही पैसे घेतले नसते. हे काही माह्यं घर नाई, म्हनून जमते."

येताना गाडीत कॅनडा खिडकीशी बसला. रोहणा मागे पडल्यावर बोलला.

"शहाना आहे तो. त्याच्या घरी पगार येते. माह्या खोल्यायत उंदरं." मग बाहेर पाहत म्हणाला, "तेथं मले तिकीट लागलं. तुह्या घरी मले खुर्ची लागते. तिकडे कॅनडात अजून इचारतात, मूळचे कोठचे. मले काहीच लागत नाई अशी एक जागा पाह्यजे होती गा. मले वाटे लोकं आले, गाव चाललं, का मीही त्यात येऊन जाईन. घरचा होऊन."

मी म्हटलं, "तू घरचाच आहे."

"मंग दुपट्टा काऊन देतं?"

शेवटच्या साली तो आला तेव्हा काठी होती. एसटीनं नाही, नागपूरहून गाडीनं आणला त्याला. बूट मात्र त्यानं फाट्यावरच काढले. त्याच्या पोरीनं एवढी एक खेप कबूल केली होती, यापुढे नाही. ते त्यानं आल्या आल्याच सांगितलं, जसं बाजारभाव सांगावा. दिवस असेच गेले. तो विहारात आपल्या चुलीच्या जागी बसायचा, मी भिंतीला टेकून बसायचो. निघायच्या आदल्या सांजेला तो मला म्हणाला, "वहिनीले सांग, या खेपेले काही देऊ नोको म्हना. एकडाव मले रिकामा जाऊ द्या."

मी म्हातारीला सांगितलं. तिनं आर्वीहून आधीच दुपट्टा आणून ठेवला होता, जरीच्या काठाचा.

"शेवटचं येनं आहे त्यायचं. अन् रिकामं धाडू? लोकं थुकतीन माह्यावर."

"त्याची इच्छा आहे."

"पाहुन्याची इच्छा कोन इचारते? पाहुना नाईच म्हनते."

मी हट्टी आहे, हे गाव जाणतं. पण तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही.

सकाळी गाडी दाराशी लागली. वर्ध्याहून रेल्वे धरायची होती. लोक जमले. शेजारची बुढी आली, तीही पदराखाली काही लपवून. म्हातारी ताट घेऊन बाहेर आली. दुपट्टा, टोपी, नारळ, सगळं मांडलेलं. मी कॅनडाच्या तोंडाकडे पाहिलं. मान खाली जाऊ लागली होती, हात पुढे येऊ लागले होते. छडी खाताना यायचे तसे.

दाराशी ज्वारीची थैली होती, दळायला न्यायची. मी काही ठरवलं नव्हतं. मी ती उचलली आणि त्याच्या पुढे धरली.

"अबे, नुसता उभा काऊन आहे? हे दळन चक्कीवर घेऊन जा. अन् बारीक दळ म्हना त्याले, मांगच्या खेपेले जाडं दळलं त्यानं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. म्हातारी ताट घेऊन पुढे झाली.

"अवो, काय बोलता? पाहुन्याले दळन सांगता?"

"कोन पाहुना? कोठी आहे पाहुना?"

कॅनडानं थैलीकडे पाहिलं. मग काठी भिंतीला लावली आणि थैली खांद्यावर घेतली. डायव्हर धावत आला, साहेब द्या द्या करत. कॅनडानं त्याला कोपरानं बाजूला केला. अनवाणीच होता. एक हात थैलीवर, एक हात भिंतींना धरत, तो गल्लीतून निघाला. मागून गाडी हळूहळू, वरातीतल्यासारखी. कोणाला हसावं की रडावं कळेना.

चक्कीवर पोचला तर लाइन गेली, विजेविना चक्की बंद. ओट्यावर बायका आपापले पिपे घेऊन बसल्या होत्या. एकीनं उठून जागा केली, तर तो म्हणाला, "बस बाई, माहा नंबर तुह्या मांगं आहे." डायव्हर येऊन येऊन सांगत होता, रेल्वे निघून जाईल. तो म्हणायचा, "नंबर सोडून कसा येऊ?" रेल्वे गेली. मग लाइन आली. त्याचा नंबर लागला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

तो परत आला तेव्हा लोक तसेच उभे होते. भुवयांवर पीठ, सदऱ्यावर पीठ, खांद्यावर गरम थैली. म्हातारी अजून ताट धरून होती. त्यानं थैली तिच्या पायाशी ठेवली. बायकांची सवय असते, पीठ आलं की हात घालून पाहायचं. तिनं ताट एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताची चिमूट पिठात घातली, बोटांनी चोळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"काय बाप्पा भाऊजी! येवढा वेळ लावला अन् हे असं जाडं आनलं? याची भाकर थापाले येते का? तुमचं लक्ष कुठी होतं?"

बोलली आणि जीभ चावली. कॅनडा सगळ्यांकडे वळला. पिठानं पांढऱ्या भुवया वर चढल्या होत्या.

"आयकलं? वहिनी बोलली मले."

मग तो गाडीत बसला. पीठ झटकलं नाही. हातात काही नव्हतं. म्हातारी ताट घेऊन दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. बुढीनंही पदराखालचा हात बाहेर काढला नाही. रेल्वे तर गेलीच होती, गाडी तशीच नागपूरच्या रस्त्याला लागली.

पावसाळ्यात त्याच्या पोरीचा फोन आला. ती अडखळत मराठी बोलत होती, शब्द शोधत होती, आणि मी ते शब्द शोधून देऊ शकत नव्हतो. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

खोल्या उभ्या आहेत. दर साली पावसाच्या आधी मी कवेलू फेरून, फुटके बदलून घेतो. आता मला चढवत नाही, मी खालून सांगतो आणि चढणारा वैतागतो. म्हातारी म्हणते, पाडा आता, कोन येऊन राह्यलं? मी ऐकत नाही. जरीकाठाचा दुपट्टा पेटीत आहे. तिनं तो दुसऱ्या कोणाला दिला नाही, आणि मी तिला त्याबद्दल विचारलं नाही.

फोन आल्यावर काही दिवसांनी मी दळण घेऊन चक्कीवर गेलो. चक्कीवाला नवा आहे, बाहेरगावचा, त्याला कॅनडा माहीत नव्हता. त्यानं माझा पिपा ओढला, खडू घेतला आणि नाव टाकता टाकता म्हणाला, "काकाजी, तुमच्या घरचे ते बिनचपलेचे बुढे दिसत नाई आता? मांगं आलते दळन घेऊन, वापस तुमच्याच दारी गेलते. मी इचारलं दळन कोनाचं, तं माह्यावरच डोळे वटारले. म्हने, ओळखत नाई का बे? आमच्या घरचं."

"मंग तू काय लिवलं?"

"काय लिवनार? ते म्हनले तेच. घरचं."

लाइन होती. चक्की चालू झाली. मी ओट्यावर बसलो आणि माझा नंबर येईपर्यंत बसून राहिलो.